पोरक्या मुलांची सांगातीण

कोल्हापुराहून मिरजेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, शहरापासून थोड्याच अंतरावर वळिवडे नावाचे गाव आहे. पंचगंगेच्या खोऱ्यातील इतर गावांसारखेच हे गाव. काळी जमीन, उसाचे फड आणि कष्टाळू माणसे. परंतु दुसऱ्या महायुद्धाच्या काळात या गावाच्या शिवारात एक आगळीच वसाहत उभी राहिली होती. इ. स. १९४३ पासून १९४८ पर्यंत युरोपातील पोलंड देशाचे सुमारे पाच हजार निर्वासित येथे राहत होते. त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुले होती. आपला देश, घरदार आणि आप्तस्वकीय गमावून, हजारो मैलांची वाट तुडवून ही माणसे करवीरनगरीच्या आश्रयाला आली होती.

ही वाट सोपी नव्हती. ती चालून येण्याआधीच असंख्य माणसे वाटेत पडली. जी मुले वाचली, ती केवळ दैवाने वाचली असे म्हणता येणार नाही. कोणीतरी त्यांचा हात धरला, आपल्या वाट्याचे सुख बाजूला ठेवून त्यांना पुढे नेले, म्हणून ती वाचली. असा हात देणाऱ्यांमध्ये पोलंडची एक विख्यात गायिका होती. तिचे नाव हांका ओर्दोनुव्ना.

हांका हे तिचे रंगभूमीवरील नाव. आईबापांनी ठेवलेले नाव मारिया आन्ना पियेत्रुशिन्स्का. तिचा जन्म इ. स. १९०२ मध्ये पोलंडच्या वॉर्सा या नगरीत झाला. वडील रेल्वेत कामाला होते. घरची स्थिती बेताचीच होती. मुलीला नृत्याची उपजत आवड आहे हे पाहून आईबापांनी तिला लहानपणीच वॉर्सातील मोठ्या नाट्यगृहाच्या नृत्यशाळेत घातले. तेथील शिस्त कडक होती. पावलाचा ठेका, मानेचा डौल, हाताची लकेर या प्रत्येक गोष्टीसाठी तासन् तास मेहनत करावी लागे. त्या मेहनतीचा उपयोग तिला पुढे जन्मभर झाला.

वयाच्या सोळाव्या वर्षी तिने वॉर्सातील एका लहान रंगमंचावर प्रथम पाऊल टाकले. पण पहिल्याच प्रयत्नात यश यावे असा काही नियम नाही. वॉर्साच्या रसिकांनी या कोवळ्या मुलीकडे फारसे लक्ष दिले नाही. ती खचली नाही. लुब्लिन नावाच्या दुसऱ्या शहरी जाऊन तिने आपली कला घासूनपुसून लखलखीत केली आणि काही काळाने ती पुन्हा राजधानीत आली. आता मात्र वॉर्साने तिला डोक्यावर घेतले. फ्रिदेरिक यारोशी या कुशल दिग्दर्शकाने तिच्यातील गुण हेरले व तिला उत्तम वळण लावले. तिचा आवाज फार मोठा नव्हता. परंतु शब्दातील भाव ओळखून तो श्रोत्याच्या हृदयापर्यंत पोहोचविण्याची तिची हातोटी विलक्षण होती. गाणे म्हणताना ती केवळ गळ्याने गात नसे. तिचे डोळे गात, बोटे गात. लोक तिला लाडाने ओर्दोन्का म्हणू लागले.

इ. स. १९३१ मध्ये मिखाऊ तिश्केविच नावाच्या एका सरदार घराण्यातील तरुणाशी तिचा विवाह झाला. रेल्वे कामगाराची मुलगी सरदारीणबाई झाली. पतीही कलासक्त होते. ते स्वतः गीते रचीत. १९३३ साली आलेल्या एका बोलपटातील हांकाबाईंचे गीत पोलंडमध्ये घरोघरी पोहोचले. त्या गीताचे शब्द युलियान तुविम या श्रेष्ठ कवीचे होते आणि चाल हेन्रिक वार्स या संगीतकाराची होती. हे दोघेही ज्यू घराण्यांत जन्मलेले. त्या काळच्या वॉर्सात ख्रिस्ती आणि ज्यू कलावंत एकाच रंगमंचावर खांद्याला खांदा लावून उभे राहत आणि त्यांच्या कलेवर सारी नगरी सारखेच प्रेम करी.

कीर्ती आली, वैभव आले. परंतु त्यांच्या पाठोपाठ एक क्रूर पाहुणाही आला. हांकाबाईंना क्षयाची बाधा झाली. त्या काळी क्षय हा भयंकर रोग समजला जाई. त्यावर खात्रीचे औषध निघालेले नव्हते. स्वच्छ हवा, सकस आहार आणि पूर्ण विश्रांती एवढाच काय तो उपाय. गायिकेच्या फुप्फुसांवर रोगाने घाला घालावा, याहून मोठे दुर्दैव कोणते? तरीही औषधोपचार घेत, पुन्हा उभे राहत त्या आपली कला जोपासत राहिल्या.

अशा स्थितीत १९३९ चा सप्टेंबर उजाडला. त्या महिन्याच्या पहिल्या तारखेस जर्मनीच्या हिटलरने पोलंडवर स्वारी केली. सतराव्या तारखेस पूर्वेकडून सोव्हिएत रशियाच्या फौजा आत शिरल्या. दोन बलाढ्य शेजाऱ्यांनी एका राष्ट्राचे दोन तुकडे करून वाटून घेतले. वॉर्सावर बाँबचा वर्षाव झाला. नाट्यगृहे बंद पडली. जेथे टाळ्यांचा कडकडाट होत असे तेथे मातीचे ढिगारे साचले.

जर्मनांनी सर्वांत भीषण संकट आणले ते ज्यूंवर. त्यांना घराबाहेर काढून भिंतींनी वेढलेल्या वस्त्यांत कोंडले आणि पुढे छावण्यांत नेऊन लक्षावधी लोकांची हत्या केली. कवी तुविम देश सोडून निसटले, म्हणून वाचले. परंतु मागे राहिलेल्या त्यांच्या वृद्ध आईला जर्मनांनी १९४२ साली ठार केले. ज्या गीताने सारा देश हसला-रडला होता, त्या गीताच्या कर्त्याचे घर असे उद्ध्वस्त झाले.

हांकाबाई ज्यू नव्हत्या. तरी त्यांचीही सुटका झाली नाही. जर्मनांच्या गुप्त पोलिसांनी त्यांना पकडले आणि वॉर्सातील पावियाक या कुप्रसिद्ध तुरुंगात टाकले. या तुरुंगातून परत येणारे भाग्यवान थोडेच. पतीने अनेक खटपटी करून त्यांची सुटका करविली. त्यानंतर पतिपत्नी विल्नो या शहरी गेली. ते त्या वेळी लिथुएनिया या तटस्थ राज्याकडे गेलेले होते. येथे तरी चार दिवस शांततेने राहता येईल असे त्यांना वाटले असेल. परंतु १९४० च्या उन्हाळ्यात सोव्हिएत फौजांनी लिथुएनियाही गिळंकृत केला. काही काळाने प्रथम पतीला अटक झाली आणि मग हांकाबाईंनाही पकडून दूर सोव्हिएत मुलुखातील श्रमछावणीत पाठविण्यात आले.

ही आपत्ती एकट्या हांकाबाईंवर आली होती असे नव्हे. १९४० च्या फेब्रुवारीपासून १९४१ च्या जूनपर्यंत सोव्हिएत पोलिसांनी पूर्व पोलंडमधील लाखो माणसांना असेच उचलून नेले. रात्री दारावर थाप पडे. हाती लागेल ते गाठोडे बांधण्यापुरताच वेळ मिळे. मग मालगाडीच्या डब्यात गुराढोरांसारखे कोंडून कोणाला सैबेरियाच्या जंगलात, तर कोणाला कझाकस्तानच्या उजाड माळरानावर नेऊन टाकीत. शेतकरी, शिक्षक, वनरक्षक, व्यापारी, ख्रिस्ती आणि ज्यू, असे सर्व थरांतील लोक त्यांत होते. तेथे गोठविणारी थंडी, पोटाला अपुरी भाकरी आणि शक्तीबाहेरचे श्रम. नाजूक प्रकृतीच्या, क्षयाने पोखरलेल्या त्या गायिकेनेही हे जिणे सोसले. रेशमी वस्त्रे ल्यालेल्या अंगावर चिंध्या आल्या. तरी त्या जगल्या.

दैवाचा फासा पुन्हा उलटला. २२ जून १९४१ रोजी हिटलरने आपल्याच मित्रावर, म्हणजे सोव्हिएत रशियावर चाल केली. कालचे वैरी आज एकमेकांचे साहाय्यक झाले. ३० जुलै रोजी पोलंडचे लंडनस्थित सरकार व सोव्हिएत सरकार यांच्यात करार झाला आणि कैदेतील पोलिश लोकांना मुक्त करण्याचे ठरले. सेनापती आंदेर्स यांच्या नेतृत्वाखाली सोव्हिएत भूमीवरच पोलिश सैन्य उभे राहू लागले. ही वार्ता कळताच छावण्याछावण्यांतून माणसांचे लोंढे दक्षिणेकडे, मध्य आशियाच्या उबदार प्रदेशाकडे निघाले. हांकाबाईही सुटल्या व त्या सैन्याच्या आश्रयाला आल्या.

मुक्तता मिळाली, पण अन्न मिळाले नाही. वाटेवरच्या स्थानकांत टायफस आणि आमांश यांच्या साथींनी माणसे पटापट मरू लागली. यात सर्वांत जास्त हाल झाले ते मुलांचे. कोणाचे आईबाप श्रमछावणीत मेले होते, कोणाचे प्रवासात चुकले होते. काही आयांनी तर आपल्या हातांनी आपली मुले अनाथालयाच्या दारात सोडली. आपल्याजवळ राहिले तर लेकरू उपाशी मरेल, तेथे गेले तर निदान जगेल, हा त्यामागील विचार. आईने लेकराला दूर लोटावे तेच त्याच्यावरील मायेपोटी, अशी ती वेळ होती.

या ठिकाणी हांकाबाईंच्या आयुष्याला निराळे वळण लागले. त्या प्रसिद्ध होत्या. सैनिकांपुढे गाणी म्हणून त्यांना मान मिळाला असता. प्रकृतीचे कारण सांगून विश्रांती घेतली असती तरी कोणी नाव ठेवले नसते. परंतु ही पोरकी मुले पाहिल्यावर त्यांना स्वस्थ बसवेना. त्यांनी आपली उरलीसुरली शक्ती या मुलांच्या सेवेला वाहिली. इतस्ततः विखुरलेल्या मुलांना गोळा करणे, त्यांना न्हाऊमाखू घालणे, आजाऱ्यांची शुश्रूषा करणे, मिळेल तो घास वाटून देणे, ही कामे त्या करू लागल्या. या मुलांची स्थिती पाहवत नसे. डोक्यात उवा, अंगावर खरूज, पोट फुगलेले आणि हातपाय काड्यांसारखे. कित्येक मुले भाकरीचा तुकडा मिळाला की अर्धा खाऊन अर्धा उशाखाली लपवून ठेवीत. कारण उद्या अन्न मिळेल यावरचा त्यांचा विश्वासच उडाला होता.

तुर्कमेनिस्तानात, इराणच्या सीमेजवळ अश्काबाद हे शहर आहे. तेथे पोलिश मुलांसाठी एक अनाथालय उघडण्यात आले. सोव्हिएत मुलुखाबाहेर पडण्याआधीचा हा मुलांचा शेवटचा मुक्काम. या मुलांना सुरक्षित देशात कसे हलवावे हा मोठा प्रश्न होता. त्या वेळी मदतीचा हात हिंदुस्थानातून पुढे आला. मुंबईतील पोलंडचे प्रतिनिधी बानासिन्स्की व त्यांच्या पत्नी कीराबाई यांनी निधी जमविला, औषधे आणि कपडे गोळा केले आणि मालमोटारींचा एक तांडा अश्काबादकडे पाठविला. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी आपल्या संस्थानात मुलांना ठेवून घेण्याची तयारी दाखविली. प्रसिद्ध क्रिकेटपटू रणजितसिंहजी यांचे हे पुतणे. हिंदुस्थान त्या वेळी स्वतःच परतंत्र होता. युद्धाची झळ त्यालाही लागत होती. तरी या परक्या लेकरांसाठी त्याने आपले दार उघडले.

१९४२ च्या वसंत ऋतूत, सामान उतरवून रिकाम्या झालेल्या त्या मालमोटारींत दीडशेहून अधिक मुले बसली आणि तांडा परतीच्या वाटेला लागला. मुलांची देखभाल करणाऱ्या मंडळींत हांकाबाई होत्या. अश्काबादमागचे डोंगर चढून तांडा इराणात मशहद येथे आला. तेथून पूर्व इराणच्या वैराण प्रदेशातून तो झाहेदानकडे व पुढे बलुचिस्तानातील क्वेट्ट्याकडे वळला. दिवसा धूळ आणि ऊन, रात्री कडाक्याची थंडी. डोंगरातील वळणावळणांचे अरुंद रस्ते, मालमोटारीचे हादरे आणि कण्हणारी आजारी मुले. निरोगी माणसानेही हाय खावी अशी ती वाट. ज्या फुप्फुसांना शुद्ध हवेची गरज होती, त्यांत मैलोगणती धूळ जात होती. पण मुलांना सोडून त्या मागे राहिल्या नाहीत.

बलुचिस्तानातून पुढचा प्रवास आगगाडीने झाला आणि एप्रिलमध्ये ही मुले मुंबईस पोहोचली. वांद्र्याला समुद्राकाठी त्यांच्या राहण्याची सोय झाली होती. बर्फाच्या देशातून आलेल्या त्या मुलांनी नारळीची झाडे पाहिली, पोटभर जेवण केले आणि कित्येक महिन्यांनी स्वच्छ अंथरुणावर अंग टाकले. तीनएक महिन्यांनी, जुलैमध्ये त्यांना जामनगरजवळ बालाचडी येथील नव्या वसतिगृहात नेण्यात आले. जामसाहेबांनी त्या मुलांना सांगितले की, आता तुम्ही पोरकी नाही, मी तुमचा बापू आहे. सुमारे एक हजार पोलिश मुलांनी पुढील चार वर्षांत बालाचडीचा आश्रय घेतला. तेथे आज सैनिकी शाळा आहे.

पहिल्या तांड्याने एक वाट मळली होती. त्यानंतर मदतीचा ओघ वाढला. १९४२ मध्येच आंदेर्स यांच्या सैन्याबरोबर सुमारे १,१५,००० सैनिक, स्त्रिया व मुले सोव्हिएत भूमीतून इराणात आली. त्यांतील हजारो निर्वासित समुद्रमार्गे कराचीच्या मुक्कामी छावणीत उतरले. याच कराचीवरून १९४३ च्या आरंभी पोलंडमधील अनेक ज्यू अनाथ मुले पॅलेस्टाइनला गेली. इतर निर्वासितांपैकी मोठा भाग त्या वर्षाच्या मध्यापासून आगगाडीने कोल्हापूर संस्थानात, वळिवड्यास येऊ लागला.

वळिवड्याच्या छावणीत लांबच लांब कौलारू बराकी उभ्या होत्या. तेथे प्रार्थनामंदिर, रुग्णालय, बाजार आणि नाट्यगृह होते. मुलांसाठी प्राथमिक व माध्यमिक शाळा चालत. बालवीर आणि वीरबाला यांची पथके होती. पोलंडच्या शाळांतून जे शिकविले जाई तेच येथे उसाच्या मळ्यांशेजारी शिकविले जाऊ लागले. मुले पंचगंगेत पोहत आणि बाजारात मोडक्यातोडक्या मराठीत घासाघीस करीत. १९४६ मध्ये बालाचडीचे वसतिगृह बंद झाले, तेव्हा तेथील अनेक मुलेही वळिवड्यास आली. अश्काबादहून निघालेली वाट अशा रीतीने कोल्हापूरला येऊन मिळाली.

इकडे हांकाबाईंचा देह मात्र थकत चालला होता. सोसलेल्या हालांचा मोबदला क्षयाने वसूल केला. हिंदुस्थानातून परतल्यावर पतीची व त्यांची पुनर्भेट झाली आणि दोघे लेबनॉनमधील बैरुत या शहरी राहू लागले. युद्ध १९४५ साली संपले. पण पोलंडमध्ये सोव्हिएतधार्जिणे सरकार आले आणि त्यांना मायदेशी परतता आले नाही. ज्या वॉर्साने त्यांना डोक्यावर घेतले होते, तिचे दर्शन पुन्हा झाले नाही. गाणे जवळजवळ सुटले होते. तेव्हा त्यांनी लेखणी हाती घेतली. आपल्याबरोबर आलेल्या मुलांची कहाणी त्यांनी लिहून काढली. भटकी मुले असा अर्थ असलेल्या नावाचे ते पुस्तक १९४८ मध्ये बैरुत येथे प्रसिद्ध झाले. विशेष हे की, त्यावर त्यांनी आपले जगप्रसिद्ध नाव घातले नाही. वेरोनिका होर्त हे टोपणनाव घेतले. जणू त्यांना सुचवायचे होते की, या पुस्तकाची नायिका कोणी गायिका नसून ती मुलेच आहेत.

८ सप्टेंबर १९५० रोजी हांकाबाईंनी बैरुत येथे शेवटचा श्वास घेतला. तेव्हा त्यांचे वय अवघे सत्तेचाळीस वर्षांचे होते. परमुलुखातच त्यांचे दफन झाले. पुढे चाळीस वर्षांनी, १९९० मध्ये, पोलंडमध्ये राजवट बदलल्यानंतर त्यांच्या अस्थी वॉर्सास नेण्यात आल्या आणि पोवोंझ्की येथील दफनभूमीत विसावल्या.

वळिवड्याची छावणी १९४८ साली उठली. तेथील माणसे कोणी इंग्लंडात, कोणी आफ्रिकेत, कोणी ऑस्ट्रेलियात, तर कोणी मायदेशी गेली. रिकाम्या झालेल्या बराकींत फाळणीमुळे सिंधमधून आलेले निर्वासित राहू लागले आणि त्या वसाहतीचे गांधीनगर झाले. एका देशाच्या निराश्रितांनी जागा सोडावी आणि दुसऱ्यांनी ती घ्यावी, असे त्या भूमीचे भाग्य. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात पोलिश निर्वासितांचे स्मारक आहे. येथे लहानाचे मोठे झालेले पोलिश लोक म्हातारपणीही कोल्हापूरला येत राहिले. आपल्या बालपणीचा गाव पाहून त्यांचे डोळे भरून येत.

हांकाबाईंच्या गाण्यांच्या ध्वनिमुद्रिका आजही पोलंडमध्ये ऐकल्या जातात. त्यांच्या गळ्याचे कौतुक करणारे रसिक अजून आहेत. परंतु ज्यांना त्यांनी त्या मालमोटारीत आपल्याजवळ बसविले, ती मुले पुढे मोठी झाली, त्यांनी संसार केले, त्यांना नातवंडे झाली. छावणीतून स्वतः जिवंत सुटणे हे भाग्य. पण सुटल्यावर मागे वळून दुसऱ्याला बाहेर काढणे हे कर्तृत्व होय. हांका ओर्दोनुव्ना यांना भाग्य थोडेच लाभले. कर्तृत्वात मात्र त्या उण्या पडल्या नाहीत.